डाव्या चाकातला खडखडाट

लेंडर्ट प्रोंकने आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललेला नव्हता. व्लार्डिंगन ह्या बंदराच्या गावात तसं कुणीच फारसं बोलत नाही, पण लेंडर्टचा स्पष्टपणा तिथल्या लोकांनासुद्धा जड जाई. मेहुणीच्या वाढदिवसाला सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेले असताना केकचा पहिला घास घेऊन त्याने "हा कालचा आहे" असं जाहीर केलं होतं. केक कालचाच होता. मेहुणीने पुढे कित्येक वर्षं त्याच्याशी अबोला धरला, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे लेंडर्टला शेवटपर्यंत कळलं नाही.

असा हा माणूस ऐंशी उलटल्यावर खोटं बोलायला लागला, आणि तेही एका चाकाबद्दल.

त्याचं असं झालं. बायको गेली, कोरी, आणि त्याच हिवाळ्यात लेंडर्टचा गुडघाही गेला. दवाखान्यातून त्याला एक चाकांचा वॉकर मिळाला. लेंडर्टने तो घरात आणला, दारामागे उभा केला आणि त्याच्यावर आपला रेनकोट, कोरीची छत्री आणि एक दोरीचं भेंडोळं टांगलं. "हे ढकलत मी बंदरावर जाऊ?" तो म्हणाला. "लोकांना वाटेल, प्रोंक दवाखान्यातून पळून आला." मग तो बंदरावर गेलाच नाही. खिडकीत बसून राहिला. समोरच्या दारातली बेप काल्कमन, त्याच्याच वयाची, स्वतःच्या पावाबरोबर त्याचाही पाव आणून देई आणि वर "चालायला काय होतं रे तुला?" असा टोमणाही देई. पावाचे पैसे ती मोजून घेई, टोमणा मात्र फुकट देई.

आणि एका मंगळवारी दहा वाजता मारित ओसिंगा आली. विद्यापीठात वस्तूंची रचना शिकवणारा जो विभाग आहे, तिथे ती डॉक्टरेट करत होती. तिचा विषयच असा होता, की म्हातारी माणसं वॉकरचा कोट टांगायला का उपयोग करतात, आणि तो घेऊन ती घराबाहेर पडावीत म्हणून तो कसा असायला हवा. दारामागचा तो रेनकोट, ती छत्री आणि ते भेंडोळं बघून तिचा चेहरा असा खुलला की लेंडर्टला वाटलं, पोरगी जरा अर्धवट असावी.

"मेनेर प्रोंक," तिने अदबीने विचारलं, "ह्या वॉकरमध्ये वाईट काय आहे ते मला सांगाल?"

"तुझ्याकडे वेळ किती आहे?"

"दुपारपर्यंत मोकळी आहे."

लेंडर्ट दुपारपर्यंत बोलला. मुठी थंडगार लागतात. रंग इस्पितळाच्या भिंतीचा. ब्रेक दाबला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडतो. बसायची फळी बालवाडीतल्या पोराच्या मापाची. मारितने सगळं ऐकलं, मधे एकदाही "पण त्याचं असं आहे" म्हणाली नाही, उलट "आणखी?" असं विचारलं. लेंडर्टला हे फार नवीन होतं. कोरी गेल्यापासून लोक त्याला "कसं काय?" विचारत, आणि उत्तर यायच्या आत सायकलवर बसत.

तेव्हापासून मारित दर मंगळवारी यायला लागली. येताना नवा नमुना घेऊन येई, मग दोघं तो घेऊन बाहेर पडत, आणि परत आल्यावर कॉफी पितापिता लेंडर्ट त्याची चिरफाड करी. लाकडी मुठींचा एक आला. "फावडं आहे हे." लाल रंगाचा आला. "कुठे आग लागलीय?" एकाची बसायची फळी लेंडर्ट बसलेला असतानाच मिटली. तो बंदराच्या काठावर गवतात पालथा पडला आणि तिथूनच म्हणाला, "नुसतं ऊठ म्हणाली असतीस तरी चाललं असतं." मारित घाबरून रडकुंडीला आली होती, ती एकदम हसत सुटली. मग लेंडर्टही हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याच्या बरगड्या दुखल्या, पडल्यामुळे नव्हे.

मार्चमध्ये निळा वॉकर आला. लेंडर्ट जन्मभर ज्या ओढबोटींवर इंजिन सांभाळत होता, त्यांच्या अंगाचा असतो तसा गडद निळा. मुठी बुचाच्या लाकडाच्या, हाताला ऊबदार. चाकं मोठी, बंदरावरच्या ओबडधोबड दगडांवरून सहज जाणारी. ते दोघं पार धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. तिथल्या गाडीवर शेपटीला धरून हेरिंग मासा खाल्ला. ओढबोटी एक मोठं जहाज ओढून नेत होत्या, ते बघत लेंडर्टने कोणत्या वादळात कोणतं इंजिन कसं रुसलं होतं ते सविस्तर सांगितलं. घरी येऊन कोट काढताना त्याच्या लक्षात आलं, की जाऊन येईपर्यंत आपल्याला वॉकरची आठवणसुद्धा झाली नाही.

"मग?" मारितने पेन उघडलं. "आज काय खटकलं?"

'काही नाही' असं म्हणायला लेंडर्टने तोंड उघडलं.

"तुम्ही एकदा 'काही नाही' म्हणालात ना," मारित हसून म्हणाली, "की माझं काम झालं. मग मी लायडनला. तिथे न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्यांवर काम सुरू होणार आहे, तेही मंगळवारीच."

लेंडर्टने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतली ती खुर्ची त्याला दिसली.

"डावं चाक," कुणीतरी म्हणालं. आवाज त्याचाच होता. "वाजतंय. खडखडतंय."

आता, ह्या संशोधक मंडळींचा एक नियम असतो, आणि तो त्यांना पहिल्या वर्षापासून पढवलेला असतो: वापरणारा कधी चुकत नाही. म्हाताऱ्याला वस्तू वापरता आली नाही तर चूक वस्तूची, म्हाताऱ्याची नव्हे. फार चांगला नियम आहे. फक्त म्हातारा थापा मारतोय असं ह्या नियमात कुठे बसतच नाही. मारित तिथल्या तिथे जमिनीवर आडवी झाली, चाकाला कान लावला, चाक फिरवलं. तिला काही ऐकू आलं नाही, तेव्हा तिने स्वतःच्या कानाला दोष दिला.

पुढच्या मंगळवारी ती चाकातल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलून आली.

"अजून वाजतंय," लेंडर्ट म्हणाला.

"सारखं?"

"वळताना." पुढच्या वेळी तो म्हणाला, "दगड ओले असले की." त्याच्या पुढच्या वेळी, "वारा पश्चिमेचा असला म्हणजे जास्त." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे कुठे थांबायचं ते त्याला कळत नव्हतं.

मारितने विभागात जाऊन सांगितलं, की हा ऐरागैरा माणूस नाही, चाळीस वर्षं इंजिनाच्या खोलीत काढलेला कान आहे हा. सगळे गंभीर झाले. चाळीस वर्षं इंजिनाच्या खोलीत काढल्यावर कानाचं काय होतं, हा विचार तिथल्या एकाही विद्वानाच्या डोक्यात आला नाही. त्यांनी वॉकर एका बंद खोलीत नेला. तिच्या भिंतींना स्पंज लावलेला होता आणि आत टाचणी पडली तरी दचकायला होई. तिथे दोन ध्वनितज्ज्ञ आणि मारित मायक्रोफोन लावून, श्वास रोखून बसले आणि फिरत्या पट्ट्यावर वॉकर चालवला. एकदा तज्ज्ञाने बोट वर केलं. आवाज आला होता खरा, पण तो दुसऱ्या तज्ज्ञाच्या पोटातून. शेवटी खूप वेग वाढवल्यावर डाव्या चाकात एक बारीकशी थरथर सापडली. मागे कुत्रं लागून लेंडर्ट उतारावरून धावत सुटला असता, तर तो त्या वेगाला पोचला असता. पण थरथर ती थरथर. तिच्यासाठी रबराची एक पट्टी आणि पितळेचं कडं बनवायचं ठरलं.

लेंडर्टची थाप बेपने केव्हाच ओळखली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका मंगळवारी ती साखर मागायला आली होती, तेव्हा तिने फक्त एक गोष्ट पाहिली: तिथल्या रीतीप्रमाणे कॉफीबरोबर एकेकच बिस्किट देऊन झाल्यावर लेंडर्टने डबा बंद केला, आणि मग तो पुन्हा उघडला.

मारित गेल्यावर बेप खुर्ची ओढून बसली. "तू तिला दुसरं बिस्किट दिलंस."

"बरं मग?"

"कोरीच्या बहिणीला कधी दिलं होतंस?"

"ती कोरीची बहीण."

"ते चाक खरंच वाजतं?"

"वाजतं म्हणून सांगितलं ना!"

"लेंडर्ट, मेल्या, मी दारावरची घंटा वाजवते ती तुला ऐकू येत नाही. मग फोन करते, तो ऐकू येत नाही. शेवटी दारातली टपाल टाकायची फट हाताने बडवते तेव्हा तू उठतोस. आणि तुला म्हणे चाकातला खडखडाट ऐकू येतो!"

लेंडर्टने बिस्किटांचा डबा उचलून कपाटात ठेवला.

"मी कुणाला काही बोलणार नाही," बेप उठत म्हणाली. "पण ती पोरगी बघ. वाळत चाललीय."

पोरगी खरंच वाळत चालली होती. मे महिन्यात एकदा धक्क्यावरच्या बाकावर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जूनमध्ये परीक्षकांपुढे काम मांडायचं होतं, आणि ज्याच्यासाठी सगळं केलं त्याचंच समाधान झालेलं नव्हतं. झालं नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, असं तिच्या प्राध्यापिकेने स्वच्छ सांगितलं होतं.

"मला तो आवाज ऐकूच येत नाही, मेनेर प्रोंक," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्हाला इतका स्पष्ट येतो आणि मला नाही. माणसाचं म्हणणं ऐकू येणं हेच तर माझं काम. मला वाटायला लागलंय, की मी ह्या कामाची नाहीच."

लेंडर्टला आपली लाज वाटली. जन्मभर खरं बोलून त्याने माणसं दुखावली होती आणि त्याला गाढ झोप लागली होती. आता ह्या एवढ्याशा खोट्याने त्याला जेवण जाईना. त्या संध्याकाळी त्याने ठरवलं: परीक्षकांपुढे उभं राहून सांगायचं, आवाज गेला, साफ गेला. मंगळवार गेले तर जाऊ देत. हे मात्र त्याने मारितला लगेच सांगितलं नाही. तिने कडं बसवून "आता?" विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चालवून बघतो. त्या दिवशीच सांगेन." तेवढाच आणखी एक मंगळवार.

आणि तो चालवत सुटला. रोज बंदरावर, रोज दगडांवरून. दगडांच्या हादऱ्यांनी पितळेच्या कड्याचा स्क्रू ढिला झाला आणि डावं चाक खरोखर वाजायला लागलं. साधंसुधं नव्हे, टिनाच्या डब्यात खिळे भरून जिन्यावरून सोडावेत तसं. खालच्या मजल्यावरचे लोक तो बाहेर पडला की आपापल्या खिडक्या लावून घेत.

"लेंडर्ट!" बेपने दार उघडलं. "अरे, वाजतंय ते!"

लेंडर्टने तिला डोळा मारला. "हो, हो. वाजतंयच."

"अरे मूर्खा, खरंच वाजतंय!"

"शाब्बास, बेप," लेंडर्ट गहिवरून म्हणाला. बेप शेवटी आपल्या बाजूने खोटं बोलायला तयार झाली, ह्या विचाराने त्याला भरून आलं होतं.

परीक्षेच्या दिवशी त्याने लग्नसमारंभांसाठी ठेवलेला कोट घातला. कडं बसवल्यापासून वॉकर त्याच्याच घरी होता, आणि चाक वाजायला लागलं ते शेवटच्या मंगळवारनंतर. मारित गाडी घेऊन न्यायला आली तेव्हा दाराशीच तो घडी करून डिकीत गेला, त्यामुळे तिला काही कळायचा प्रश्नच आला नाही. बेपही बरोबर आली. दगडी फरशीचं मोठं दालन होतं. समोर लांब टेबलामागे परीक्षक बसले होते आणि मधे मारितच्या प्राध्यापिका रेसिंक, केस घट्ट मागे बांधलेल्या, हसण्याची फारशी सवय नसलेल्या. मारितने पडद्यावर चित्रं दाखवून सगळं समजावून सांगितलं, स्पंजच्या खोलीसकट. मग लेंडर्टला मागच्या दारापासून टेबलापर्यंत चालत यायला सांगण्यात आलं.

लेंडर्ट निघाला. खडखड, खडखड, खडखड. दगडी फरशी आणि उंच छत, त्यामुळे आवाज दुप्पट झाला होता. मारितचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. बेपने हातातली पिशवी तोंडावर धरली. लेंडर्ट मात्र ताठ मानेने, मंद हसत चालत होता. टेबलापाशी येऊन तो थांबला.

"तर मेनेर प्रोंक," रेसिंकबाई म्हणाल्या, "त्या आवाजाबद्दल काय सांगाल?"

"गेला," लेंडर्ट ठामपणे म्हणाला. "साफ गेला. इतकं शांत चाक मी जन्मात ढकललं नाही." आणि खात्री पटावी म्हणून त्याने टेबलासमोर एक पूर्ण फेरी मारून दाखवली. खडखड, खडखड. एका परीक्षकाच्या हातातलं पेन खाली पडलं.

"तुम्हाला आत्ता काहीच ऐकू येत नाहीये?"

"काय म्हणालात?"

"काही ऐकू येतंय का, म्हटलं!" रेसिंकबाई ओरडल्या.

"कणभरही नाही!"

बाईंनी समोरच्या कागदांतलं मार्चचं पान उघडलं. मग तितक्याच मोठ्याने, पण सावकाश म्हणाल्या, "मग मार्चमध्ये कसा काय ऐकू आला?"

लेंडर्टने वळून मारितकडे पाहिलं. ती चाकाकडे बघत होती. मग तिने हळूहळू मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते बघून लेंडर्टला कळलं, की आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नाही. त्याला हायसं वाटलं आणि भीतीही वाटली.

"मार्चमध्ये काही नव्हतं," तो म्हणाला. "कधीच काही नव्हतं. निळा वॉकर पहिल्या दिवसापासून उत्तम होता. इतका, की मला त्याची आठवणही राहत नाही. मी खोटं बोललो."

"पण का?"

"ही मंगळवारी येते," लेंडर्ट म्हणाला.

एका परीक्षकाने आधीच भरलेल्या ग्लासात पाणी ओतलं आणि मग सांडलेलं पाणी रुमालाने टिपत बसला. भलं काय, बुरं काय, सगळं तोंडावर सांगणारी ही माणसं, पण असं काही कानावर पडलं की कुठे बघावं ते त्यांना कळत नाही.

"त्या वॉकरने तुम्ही रोज बाहेर पडता?" रेसिंकबाईंनी विचारलं.

"रोज. पाऊस असला तरी."

"मारित," बाई म्हणाल्या, "ते कडं काढून टाक. बाकी काम आम्हाला मान्य आहे. आणि हे जे मेनेर प्रोंक आत्ता बोलले, ते वगळू नकोस."

सगळ्यांनी मारितचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग तिथल्या रीतीप्रमाणे बरोबर आलेल्या बेपचं आणि लेंडर्टचंही केलं. मारितने मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेर गाड्या उभ्या असतात तिथे येऊन ती पाना घेऊन चाकापाशी बसली आणि कडं काढायला लागली. पाना दोनदा निसटला.

"स्वप्नात येत होता तो आवाज माझ्या," ती खाली बघूनच म्हणाली.

"हं."

"मला वाटलं मी बहिरी आहे. मी! तुम्ही नाही, मी!"

"हं."

"दोन माणसं दिवसभर त्या खोलीत श्वास रोखून बसली होती, मेनेर प्रोंक!" ती ताडकन उभी राहिली. "नुसतं 'ये' म्हणायचं होतं ना! तेवढं नाही आलं तुम्हाला? जगाला जे वाटेल ते तोंडावर बोलता!"

लेंडर्टने वॉकरच्या मुठीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"कशासाठी ये म्हणणार?" तो म्हणाला. "तुला तुझं असतं. नुसतंच बोलवायचं म्हणजे तुझा वेळ घ्यायचा, आणि म्हाताऱ्यांना वेळ द्यावा लागतो म्हणून लोक कसं तोंड करतात ते मी पाहिलंय. वॉकरसाठी येत होतीस तोवर मी काही घेत नव्हतो, पोरी. मी देत होतो."

मारितने पाना पिशवीत टाकला. मग तिने त्याच पिशवीतून तारखांची वही काढली, पानं उलटली आणि अजून रागातच म्हणाली, "मंगळवार आता लायडनचे. जुलैतला दुसरा रविवार. साडेतीनला येते आणि पाचला निघते, म्हणजे तुमच्या जेवणाच्या आड यायला नको."

"ठीक आहे," लेंडर्ट म्हणाला. तिकडे माणसं संध्याकाळीच जेवतात, आणि त्या सुमाराला सख्खा भाऊसुद्धा न थांबता कोट घालून दारात उभा राहतो; त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तो वॉकर ढकलत गाडीकडे निघाला. चाक आता जराही वाजत नव्हतं, पण ते त्याला कळलं नाही. चार पावलं जाऊन तो थांबला.

"जेवायलाच राहा," तो पाठमोराच म्हणाला.

मारितचं पेन थांबलं.

"बटाटे किती खातेस?" लेंडर्टने करड्या आवाजात विचारलं. त्याच्या घरी भांड्यात बटाटे माणशी मोजून पडत, आणि कोरी गेल्यापासून तो फक्त आपल्यापुरते सोलत होता.

"तीन," मारित म्हणाली. तिचा राग अजून गेलेला नव्हता, पण तिने वहीतलं 'पाच' खोडलं.

"मोठे की मध्यम?"

"मध्यम."

रविवारला अजून बरेच दिवस होते. लेंडर्टने त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन बटाटे आणले. बेप दारात उभी होती, तिने पिशवीत डोकावून पाहिलं.

"अरे, तोवर कोंब येतील ह्यांना!"

"मग पुन्हा जाऊन आणीन," लेंडर्ट म्हणाला आणि बटाटे सावलीत ठेवायला आत गेला.